व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधताना : नवशिक्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर गिटार कशी वाजते हे ज्याने एकदा जवळ बसून ऐकले आहे, त्याला तो आवाज विसरता येत नाही. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओंत असायची ती, ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची इलेक्ट्रॉनिक नळी. तार हळू छेडली तर स्वर स्वच्छ आणि भरीव येतो, जोरात छेडली तर त्याच स्वराला किंचित खरखरीत धार चढते, आणि हा बदल कोणतेही बटण न फिरवता केवळ बोटांच्या जोरावर होतो. परभणीत राहून असा अ‍ॅम्प्लिफायर बांधायचे मी ठरवले, तेव्हा परदेशी माहिती भरपूर वाचायला मिळाली. आपल्याकडची वीज, आपल्याकडचे वाइंडिंगवाले आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेऊन कोणी काही लिहिलेले मात्र सापडले नाही. त्यामुळे पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरला जो वेळ लागला, त्यातला अर्ध्याहून अधिक वेळ चुका शोधण्यात गेला. तो तुमचा जाऊ नये म्हणून हा लेख आहे.

आधी धोक्याविषयी स्पष्ट सांगतो. या सर्किटमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असते आणि प्लग काढल्यानंतरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहते. एवढ्या व्होल्टेजने माणसाचा जीव जाऊ शकतो. मल्टिमीटरने घरातील सॉकेटचे व्होल्टेज निर्धास्तपणे मोजण्याची सवय तुम्हाला अजून नसेल, तर आधी एखादा लहान ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर बांधा, एखाद्या जाणत्या मेकॅनिकजवळ काही दिवस बसा आणि मग याकडे वळा. मला हे काम शिकवणारे रेडिओ दुरुस्त करणारे काका चालू सेटमध्ये मोजणी करताना डावा हात नेहमी खिशात ठेवत. दोन्ही हात आत असले की शॉक एका हातातून दुसऱ्या हाताकडे, म्हणजे छातीतून जातो. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

१. कोणते सर्किट निवडावे

पहिल्यांदा बांधण्यासाठी मी एकच सर्किट सुचवतो : १९५० च्या दशकातील फेंडर चॅम्प, ज्याच्या आराखड्याचा क्रमांक ५एफ१ आहे. लिओ फेंडर यांनी सुरुवात कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापासून केली होती आणि त्यांच्या लहान अ‍ॅम्प्लिफायरांत ते दिसून येते. जुना व्हॉल्व्ह रेडिओ उघडून पाहिलेल्या माणसाला या सर्किटमधला ऑडिओचा भाग लगेच ओळखीचा वाटेल.

यात फक्त तीन व्हॉल्व्ह आहेत. १२एएक्स७ हा दुहेरी ट्रायोड आहे, म्हणजे एकाच नळीत दोन लहान व्हॉल्व्ह; त्याच्या पहिल्या अर्ध्यात गिटारचा क्षीण सिग्नल वाढतो, तो ०.०२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून १ मेगओहमच्या व्हॉल्यूम कंट्रोलवर येतो, दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा वाढतो आणि तशाच दुसऱ्या कपॅसिटरमधून ६व्ही६ या पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सिग्नल घेणाऱ्या जाळीवर) जातो. ६व्ही६ आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्फत स्पीकर चालवतो. तिसरा व्हॉल्व्ह ५वाय३ हा रेक्टिफायर असून तो एसीचे डीसी करतो. स्पीकरच्या बाजूने २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून थोडा सिग्नल १२एएक्स७ च्या दुसऱ्या कॅथोडकडे (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाकडे) परत आणलेला असतो, त्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. टोन कंट्रोल नाही, रिव्हर्ब नाही. सुमारे ५ वॅट एवढीच शक्ती आहे, पण घरात वाजवण्यासाठी ती पुरून उरते.

मूळ आराखड्यात स्वतःच्या कल्पना घालण्याचा मोह पहिल्या वेळी टाळा. आधी आराखड्याप्रमाणे बांधून, मोजून, वाजवून पाहा. मूळ सर्किट कसे वाजते हेच माहीत नसेल, तर बदल केल्यावर आवाज सुधारला की बिघडला हे ठरवता येत नाही. सुरक्षिततेचे जे बदल मी पुढे सांगितले आहेत, ते मात्र जरूर करा.

येथे आणखी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. अनेकांच्या माळ्यावर जुना व्हॉल्व्ह रेडिओ असतो आणि त्यालाच गिटार जोडावी असे वाटते. त्या काळी एसी आणि डीसी अशा दोन्ही विजेवर चालणारे, पॉवर ट्रान्सफॉर्मर नसलेले सेट पुष्कळ निघाले होते. त्यांत यूएल८४, यूवाय८५ असे ‘यू’ अक्षराने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतात आणि सांगाडा (सर्व भाग ज्यावर बसवलेले असतात तो धातूचा पत्रा) थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. अशा सेटला गिटार जोडली, तर गिटारच्या तारांमध्ये २३० व्होल्ट उतरू शकतात. अशा सेटला गिटार कधीही जोडू नका. शिवाय जो रेडिओ अजून बोलतो आहे, तो सुट्या भागांसाठी मोडू नये असे मला मनापासून वाटते.

२. घरातील वीज आणि अर्थिंग तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मराठवाड्यात ती सर्वांत आधी करायला हवी.

आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री सॉकेटचे व्होल्टेज मोजून वहीत लिहा. माझ्याकडे दिवसा, विशेषतः शेतीपंप चालू असताना, ते २१५ पर्यंत उतरत असे आणि रात्री उशिरा २४८ पर्यंत चढत असे. व्हॉल्व्हच्या हीटरला (आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट लागतात आणि त्यात दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. २३० वर ६.३ देणारा ट्रान्सफॉर्मर २४८ वर ६.८ देतो, म्हणजे तो मर्यादेच्या काठावर येतो. एचटी (हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणारे उच्च व्होल्टेज) देखील त्याच प्रमाणात वाढते. म्हणून पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (वीज जेथे दिली जाते त्या वाइंडिंगला) २१०, २३० आणि २५० असे तीन टॅप मागून घ्या आणि तुमच्या नोंदींतील वरच्या आकड्याजवळचा टॅप वापरा.

अर्थिंगचे काम याहून महत्त्वाचे आहे. अनेक घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण वरच्या मोठ्या छिद्रामागे तारच नसते. काही ठिकाणी तार असते, पण उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, काळ्या मातीला भेगा जातात आणि जमिनीशी असलेला संबंध क्षीण होतो. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २३० दिसले, एवढ्यावर विसंबू नका. मल्टिमीटर अत्यल्प करंट घेतो आणि अर्थ निकामी असली तरी पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो. परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने खड्डा तपासून घ्या, उन्हाळ्यात खड्ड्यात नियमित पाणी घाला आणि मुख्य बोर्डावर आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. अ‍ॅम्प्लिफायरचा सांगाडा, गिटारच्या तारा आणि तुमचा हात हे तिन्ही विजेच्या दृष्टीने एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे आत काही बिघडले तर तुमचे रक्षण या अर्थच्या तारेनेच होणार आहे.

भारनियमनात इन्व्हर्टरवर वाजवणार असाल, तर तो साइन वेव्हचा हवा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर हीटर नीट पेटतात, पण लहरीचे शिखर ३२५ ऐवजी २३० च्या आसपास राहत असल्यामुळे एचटी सुमारे तीस टक्क्यांनी उतरते आणि स्पीकरमधून सतत बझ ऐकू येतो.

३. साहित्य आणि साधने

हे सर्व हाताशी असल्याशिवाय काम सुरू करू नका :

- किमान १००० व्होल्ट डीसी मोजू शकणारा चांगल्या प्रतीचा मल्टिमीटर आणि त्याला लावता येतील अशा इन्सुलेटेड मगरी क्लिपा.
- ४० ते ६० वॅटचे सोल्डरिंग आयर्न, रोझिनयुक्त ६०/४० सोल्डर आणि सोल्डर ओढणारा पंप.
- सिरीज बोर्ड, म्हणजे सॉकेटच्या फेजमध्ये दिव्याचा होल्डर मालिकेत जोडलेला बोर्ड, आणि त्यासाठी तारेचे ४० व ६० वॅटचे जुन्या पद्धतीचे बल्ब. एलईडी दिवा येथे चालत नाही.
- कपॅसिटर रिकामे करण्यासाठी १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर, ज्याच्या दोन्ही टोकांना लांब इन्सुलेटेड तारा आणि क्लिपा आहेत.
- १२एएक्स७, ६व्ही६जीटी, ५वाय३जीटी हे व्हॉल्व्ह, एक नऊ पिनांचा आणि दोन ऑक्टल (आठ पिनांचे) सॉकेट. सॉकेट शक्यतो सिरॅमिकचे घ्या.
- ५०० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर : पहिला १६ ते २२ मायक्रोफॅरड, पुढचे दोन ८ ते १० मायक्रोफॅरड.
- ६०० व्होल्टचे ०.०२२ मायक्रोफॅरडचे फिल्म कपॅसिटर (आराखड्यातील ०.०२ च्या जागी) आणि आराखड्यातील रेझिस्टर.
- तीन पिनांची मुख्य वायर, तिच्यासाठी ग्रोमेट आणि क्लॅम्प, फ्यूज होल्डर, ५०० मिलिअँपिअरचे स्लो ब्लो फ्यूज, स्विच, जॅक, व्हॉल्यूम कंट्रोल आणि ८ ओहमचा स्पीकर.

व्हॉल्व्हविषयी थोडे अधिक सांगतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी बेंगळुरूत रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्यांतला ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७ होय आणि तो जुन्या मेकॅनिककडे न वापरलेल्या खोक्यात अजूनही अधूनमधून सापडतो. सापडला तर अवश्य घ्या. ६व्ही६ आणि ५वाय३ मात्र बहुधा बाहेरून मागवावे लागतात. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे बनतात. परदेशातून कुरिअरने माल मागवला तर सीमाशुल्क भरावे लागते आणि ओळख व पत्ता यांची कागदपत्रे मागितली जातात, त्यामुळे आधारची प्रत आणि खरेदीची पावती तयार ठेवा. बाकी सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. दुकानात कपॅसिटरला कंडेन्सर आणि रेझिस्टरला रेझिस्टन्स म्हणतात, तेच शब्द वापरले तर बोलणे लवकर होते.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र जुने घेऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर असतो आणि वर्षानुवर्षे पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेले कपॅसिटर आतून सुकलेले असतात. १०५ अंशांची मर्यादा छापलेले नवे कपॅसिटरच घ्या. ५०० व्होल्टचा आग्रह का, याचेही कारण आहे. ५वाय३ लवकर तापतो आणि ६व्ही६ तापायला वेळ घेतो, त्यामुळे सुरुवातीची काही सेकंदे करंट घेणारे कोणीच नसते आणि एचटी शिखरापर्यंत चढते. ३०० व्होल्टच्या वाइंडिंगवर हे शिखर ४२० च्या पुढे जाते आणि रात्री वीज चढलेली असेल तर ४६० जवळ पोहोचते.

४. ट्रान्सफॉर्मर : सर्वाधिक लक्ष येथे द्या

अ‍ॅम्प्लिफायरचा निम्मा खर्च आणि बहुतांश आवाज दोन ट्रान्सफॉर्मरांत असतो. परदेशातून मागवले तर वजनामुळे ते फार महाग पडतात, म्हणून बहुतेक जण येथेच भरून घेतात. मराठवाड्यात प्रत्येक तालुक्याच्या गावी मोटार भरणारे कारागीर आहेत, त्यांचा हात कुशल असतो आणि तांब्याची तार त्यांच्याकडे असतेच. पण मोटार भरणे आणि ऑडिओ ट्रान्सफॉर्मर भरणे यांत फरक आहे, म्हणून सर्व तपशील कागदावर लिहून द्या.

पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी मी असे लिहून देतो : प्रायमरी ०–२१०–२३०–२५०, एचटी ३००–०–३०० व्होल्ट ८० मिलिअँपिअर, ५ व्होल्ट २ अँपिअर आणि ६.३ व्होल्ट २ अँपिअर. अनेक आराखड्यांत एचटी ३२५–०–३२५ दिसते, पण आपल्याकडची वीज रात्री चढते हे लक्षात घेऊन मी जाणीवपूर्वक २५ व्होल्ट कमी घेतो. यातली एक अट कारागिराला तोंडीही समजावून सांगा. ५ व्होल्टचे वाइंडिंग नावाला लहान असले, तरी ते पूर्ण एचटीवर तरंगत असते. म्हणून त्याच्या वर आणि खाली एचटीइतकेच जाड इन्सुलेशन हवे. शेवटी वार्निशमध्ये बुडवून भाजून घ्यायला सांगा, नाहीतर पत्र्या गुणगुणतात.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्येच मी फसलो होतो. ६व्ही६ एकटाच असल्यामुळे त्याचा सुमारे ४० मिलिअँपिअर डीसी सतत प्रायमरीतून वाहत असतो आणि कोअरला एकाच दिशेने चुंबकित करत राहतो. कोअर संपृक्त होऊ नये म्हणून सर्व ‘ई’ पत्र्या एका बाजूने आणि सर्व ‘आय’ पत्र्या दुसऱ्या बाजूने बसवून मध्ये कागदाची बारीक फट ठेवावी लागते. माझ्या कारागिराने नेहमीच्या सवयीने पत्र्या आलटूनपालटून घातल्या. पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी ती पद्धत बरोबर आहे, पण येथे तिच्यामुळे खालच्या तारांचा आवाज पातळ आणि फाटका येऊ लागला. सर्किटमध्ये मी तीन आठवडे दोष शोधला, कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्ह बदलले. अखेर काकांनी ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन पत्र्यांची कड पाहिली आणि एका वाक्यात दोष सांगितला. सर्व पत्र्या काढून पुन्हा बसवल्या, मध्ये वहीच्या पानाएवढा कागद ठेवला आणि त्याच संध्याकाळी खालची तार भरदार वाजली. कारागिराची यात चूक नव्हती, फटीविषयी मी त्याला काही सांगितलेच नव्हते.

प्रायमरी सुमारे ७ किलोओहम आणि स्पीकर ८ ओहम धरला, तर फेऱ्यांचे गुणोत्तर सुमारे ३०:१ येते. ते घरी तपासता येते. एखाद्या लहान ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट एसी प्रायमरीला द्या आणि सेकंडरी मोजा : ०.४ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर गुणोत्तर योग्य आहे. प्रायमरी एकाच ढिगात न भरता दोन भागांत भरून मध्ये सेकंडरी घालायला सांगितली, तर वरचे स्वर अधिक मोकळे येतात.

५. सांगाडा आणि भागांची मांडणी

सांगाड्यासाठी १.५ ते २ मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पुरतो. मी मोजमापांचे चित्र काढून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेशन शॉपमधून तो कापून आणि वाकवून आणला. हाताने भोके पाडायची असतील तर ती ट्रान्सफॉर्मर बसवण्यापूर्वीच पाडा, धातूचा कीस वाइंडिंगमध्ये जाऊ देऊ नका.

दोन्ही ट्रान्सफॉर्मरांचे कोअर एकमेकांशी काटकोनात ठेवा आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर इनपुट जॅकपासून जास्तीत जास्त दूर ठेवा. सुटे भाग बसवण्यासाठी हायलम शीटच्या (बेकेलाइटसारख्या कडक, वीज न वाहणाऱ्या पाटीच्या) पट्टीवर पितळी आयलेट ठोकून बोर्ड तयार होतो. हायलम उष्णतेने वितळत नाही आणि ओलही फारशी धरत नाही.

६. जोडणी

कामाचा क्रम असा ठेवा : आधी मुख्य वीज आणि अर्थ, मग हीटर, मग एचटी आणि सर्वांत शेवटी सिग्नल.

मुख्य वायरची हिरवी तार सांगाड्याला स्वतंत्र बोल्टने, दातेरी वॉशर लावून घट्ट बसवा. त्या बोल्टवर दुसरे काहीही लावू नका. ही तार इतर दोन तारांपेक्षा लांब ठेवा, म्हणजे कधी वायर ओढली गेलीच तर ती सर्वांत शेवटी तुटेल. फेज आधी फ्यूजमध्ये आणि मग स्विचमध्ये जाते. त्या काळच्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरांत दोन पिनांचा प्लग असे आणि विजेच्या एका तारेतून सांगाड्याकडे एक कपॅसिटर जोडलेला असे. जुन्या आराखड्यात तो दिसला तर तो लावू नका. तो कपॅसिटर शॉर्ट झाला की सांगाड्यात थेट वीज येते.

हीटरच्या दोन्ही तारा घट्ट पीळ देऊन सांगाड्याच्या कोपऱ्यातून न्या. ६व्ही६ वर त्या पिन २ आणि ७ ला लागतात. १२एएक्स७ वर पिन ४ आणि ५ एकत्र करून एक तार तेथे आणि दुसरी ९ ला लागते. ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला मधला टॅप नसेल, तर दोन्ही बाजूंनी १०० ओहमचा एकेक रेझिस्टर जमिनीला (म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला, सांगाड्याला) जोडा, त्याने गुणगुण पुष्कळ कमी होते. ५वाय३ ला ५ व्होल्ट पिन २ आणि ८ वर, एचटीची दोन टोके ४ आणि ६ वर येतात, आणि डीसी पिन ८ वरून घेतला जातो. पहिल्या कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, ३ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावा. बंद केल्यानंतर मिनिटाभरात साठलेले व्होल्टेज तो उतरवतो. मूळ आराखड्यात तो नाही, तरीही माझ्या मते तो नसलेला अ‍ॅम्प्लिफायर अपुरा आहे.

पहिल्या कपॅसिटरबाबत एक मोह होतो : मोठा लावला तर गुणगुण कमी होईल, असे वाटते. ५वाय३ ला तो ताण सोसत नाही. ४७ किंवा १०० मायक्रोफॅरड लावून चांगला रेक्टिफायर गमावू नका.

६व्ही६ च्या कॅथोडला ४७० ओहमचा रेझिस्टर येतो. तो किमान २ वॅटचा, शक्यतो ५ वॅटचा घ्या आणि बोर्डापासून थोडा वर उचलून बसवा.

७. वीज देण्यापूर्वीची तपासणी

आराखड्याची छापील प्रत घ्या आणि प्रत्येक जोड तपासत त्या रेषेवर रंगीत पेन्सिल फिरवा. हे काम रात्री थकल्यावर करू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी करा. त्यानंतर मल्टिमीटरने पाहा : प्लगची अर्थ पिन आणि सांगाडा यांच्यामध्ये एका ओहमपेक्षा कमी, फेज किंवा न्यूट्रल आणि सांगाडा यांच्यामध्ये संबंध अजिबात नाही, एचटी आणि सांगाडा यांच्यामध्ये हळूहळू चढत सुमारे २०० किलोओहम. कपॅसिटरांचे ऋण टोक जमिनीकडे आहे ना, हे दोनदा पाहा. उलटा लागलेला इलेक्ट्रोलिटिक फुटतो.

८. पहिल्यांदा वीज देणे

डोळ्यांवर चष्मा, पायांत कोरडी रबरी चप्पल, घरात कोणीतरी मोठे माणूस असावे आणि मुख्य स्विच कोठे आहे हे त्याला माहीत असावे.

सुरुवातीला एकही व्हॉल्व्ह न लावता सिरीज बोर्डमधून वीज द्या. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, भरपूर प्रकाश देत राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एचटीचे एकेक टोक आणि मधला टॅप यांच्यामध्ये एसी मोजा. दोन्ही टोकांच्या दरम्यान मोजू नका, तेथे ६०० व्होल्टपेक्षा अधिक असतात. मग बंद करून १२एएक्स७ आणि ६व्ही६ लावा, रेक्टिफायर अजून नको. पुन्हा वीज द्या आणि दोन्ही हीटर लालसर पेटतात का ते पाहा.

आता स्पीकर जोडा. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालवू नये. भार नसताना प्रायमरीवर उसळणारे व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फोडते आणि मग इतक्या कष्टाने भरून घेतलेला ट्रान्सफॉर्मर वाया जातो. मल्टिमीटरची काळी क्लिप सांगाड्याला, लाल क्लिप पहिल्या कपॅसिटरच्या धन टोकाला बंद असतानाच लावा, ५वाय३ बसवा आणि सिरीज बोर्डावरूनच सुरू करा. व्होल्टेज चढून, ६व्ही६ तापल्यावर थोडे उतरून स्थिर झाले, की बंद करा आणि मग थेट सॉकेटला लावा.

योग्य अ‍ॅम्प्लिफायरमध्ये साधारण हे आकडे दिसतात : पहिल्या कपॅसिटरवर ३१० ते ३४०, १२एएक्स७ च्या पिन १ आणि ६ वर १४० ते १८०, त्याच्या पिन ३ आणि ८ वर १.२ ते १.६, आणि ६व्ही६ च्या पिन ८ वर १६ ते २० व्होल्ट. हा शेवटचा आकडा सर्वांत बोलका आहे. १८.८ व्होल्टला ४७० ने भागले की ४० मिलिअँपिअर येतात. त्यांतले दोनेक स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचे) वजा करा, उरलेल्यांना प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणारे टोक) आणि कॅथोड यांच्यामधील व्होल्टेजने गुणा, म्हणजे प्लेटवर किती वॅट खर्च होतात ते कळते. ६व्ही६ साठी १२ वॅटची मर्यादा पाळा. जास्त आले तर ४७० च्या जागी ५६० ओहम लावा. अंधारात पाहताना प्लेट लाल दिसू लागली तर क्षणाचाही विलंब न करता बंद करा.

प्रत्येक वेळी आत हात घालण्यापूर्वी प्लग काढा, १० किलोओहमचा रेझिस्टर कपॅसिटरवर काही सेकंद धरा आणि मीटरवर शून्य पाहा. एकदा उतरवले म्हणून थांबू नका, रेझिस्टर काढल्यावरही मीटर थोडा वेळ लावून ठेवा. रिकामा केलेला कपॅसिटर थोडे व्होल्टेज पुन्हा धरतो.

९. शिट्टी, गुणगुण आणि खरखर

सुरू करताच कर्कश शिट्टी आली, तर बहुधा फीडबॅक उलट लागलेला असतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारा आपसात बदला. दहांपैकी नऊ वेळा एवढ्याने भागते.

गुणगुण ऐकताना तिचा स्वर ओळखायला शिका. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. खोल, जाड गुणगुण ५० ची असेल तर हीटरच्या तारा, इनपुटची वायर किंवा जमिनीचे दुहेरी जोड तपासा. एक सप्तक वरची, १०० हर्ट्झची असेल तर ती रेक्टिफायरनंतरच्या कपॅसिटरांतून येते. व्हॉल्यूम शून्यावर आणल्यावर गुणगुण गेली तर दोष पहिल्या टप्प्यात आहे, राहिली तर पुढे आहे. जमिनीचे सर्व जोड सांगाड्यावर वाटेल तेथे न लावता पॉवरचे पॉवरजवळ आणि इनपुटचे इनपुट जॅकजवळ एकत्र करा.

निस्तेज, दाणेदार दिसणारी सोल्डरिंग पुन्हा गरम करून ताजी सोल्डर द्या. लाकडी काडीने एकेक भाग हलकेच ठोकत गेले, की खरखर करणारा जोड सापडतो.

१०. पेटी

मूळ पेट्या पाइनच्या लाकडाच्या होत्या. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत यंत्रसामग्री ज्या खोक्यांतून येते, त्यांतले बरेच लाकूड पाइनचेच असते आणि भंगारवाल्याकडे ते स्वस्तात मिळते. खिळे नीट काढून, रंधा मारून, दोनेक महिने सावलीत सुकवून मी तेच वापरले. सागवानाची पेटी दिसायला सुंदर होते, पण जड होते.

त्या काळच्या पेट्यांवर ज्याला ट्वीड म्हणतात, ते लोकरीचे नसून जाड सुती कापड होते. त्या जागी मी नांदेडची जाड खादी घेतली, सरसाने चिकटवली आणि वर लाखेच्या पॉलिशचे तीन हात दिले. तिला जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखा तांबूस पिवळा रंग आला. स्पीकरसमोर हिमरू हे नक्षीदार विणीचे कापड लावण्याची माझी फार इच्छा होती, पण त्याची वीण दाट असल्यामुळे वरचे स्वर अडतात. हिमरू बाजूंना लावा, स्पीकरसमोर विरळ विणीचेच कापड हवे. ते तोंडाशी धरून फुंकर मारून पाहा, श्वास सहज आरपार गेला तर ते कापड चालेल.

पेटीची मागची बाजू अर्धी उघडी ठेवा, पण बोटे आत जाणार नाहीत अशी जाळी लावा. मे महिन्यात सलग तासाभरापेक्षा अधिक वाजवणार असाल तर मागे भिंतीपासून हातभर जागा सोडा. महिन्याभरानंतर एकदा उघडून ट्रान्सफॉर्मरचे आणि अर्थचे बोल्ट घट्ट करा आणि वीज चढलेली असेल अशा रात्री सर्व व्होल्टेज पुन्हा मोजून त्याच वहीत लिहून ठेवा.